एका ‘आणि’ची दोनशे वर्षं

1750 साली लंडनमधल्या एका कापडाच्या दुकानात चौदा-पंधरा वर्षांचा ग्रॅनव्हिल शार्प उमेदवारीला लागला. वडील नॉर्थम्बरलँडचे आर्चडीकन होते, पण घरात भावंडं पुष्कळ आणि शिक्षणाचा पैसा थोरल्यांवरच खर्ची पडलेला. उमेदवारीच्या त्या वर्षांत त्याला नाना पंथांची माणसं भेटली. त्यांतला एक सोसिनियन, म्हणजे येशूला देव न मानणारा. दोघांचा वाद रंगे, आणि शार्प वरचढ होऊ लागला की तो म्हणे, तुला ग्रीक कुठे येतं? नवा करार मुळातून वाचता आला असता तर असं बोलला नसतास. शार्पने ग्रीक शिकून टाकलं. पुढे एका ज्यू गृहस्थाने हिब्रूवरून तोच टोमणा मारला, तेव्हा हिब्रूही शिकला.

इंग्लंडच्या इतिहासात शार्प यांचं नाव आहे ते गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यामुळे. 1772 च्या सॉमरसेट खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला, की इंग्लंडमधून एखाद्या गुलामाला बळजबरीने परदेशी नेता येणार नाही. वकिलीचं कसलंही शिक्षण नसलेल्या शार्प यांनी काही वर्षं कायद्याची पुस्तकं उपसून केलेली तयारी त्यामागे होती. नंतर अमेरिकन वसाहतींशी युद्ध सुरू झालं, तेव्हा तिकडे जाणाऱ्या शस्त्रांच्या व्यवहाराला आपला हात लागू नये म्हणून त्यांनी सरकारी शस्त्रखात्यातली नोकरी सोडली. असा माणूस व्याकरणातही सहजासहजी माघार घेणार नाही. 1798 साली त्यांची एक पुस्तिका निघाली. विषय होता नव्या कराराच्या ग्रीकमधलं उपपद.

ग्रीकमध्ये नामाआधी उपपद येतं, इंग्रजीतल्या ‘द’च्या जातीचं, फक्त ते नामाच्या लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे रूप बदलतं. शार्प यांचा पहिला नियम असा: दोन नामं ‘काइ’ने, म्हणजे ‘आणि’ने, जोडलेली असतील, दोन्ही एकाच विभक्तीत असतील, दोन्ही एकवचनी असतील, व्यक्तीबद्दलची पण विशेषनामं नसलेली असतील, आणि उपपद फक्त पहिल्याच नामाला असेल, तर दोन्ही नामं एकाच व्यक्तीची. आपल्याकडे ‘संस्थेचे अध्यक्ष आणि मासिकाचे संपादक आले’ असं छापलं तर एक गृहस्थ आले की दोन, हे वाक्यावरून कळत नाही. आदरार्थी अनेकवचनाने उलट घोळ वाढतो. शार्प यांचं म्हणणं होतं, की ग्रीकमध्ये हा घोळ होत नाही. उपपद मोजा, माणसं कळतील.

वाद पेटला तो दोन वाक्यांवरून. पौलाच्या नावावरच्या, तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तेरावं वचन आहे आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राचं अगदी पहिलं वचन. दोन्हीकडे ‘देव’ आणि ‘तारणारा’ ही नामं ‘काइ’ने जोडलेली आहेत, उपपद एकच आहे आणि पुढे येशू ख्रिस्ताचं नाव आहे. नियम खरा मानला तर येशूला इथे थेट ‘देव’ म्हटलं आहे. पेत्राच्या पत्रातला पुरावा तर डोळ्यांत भरणारा. त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात तीच शब्दयोजना जशीच्या तशी येते, फक्त ‘देव’च्या जागी ‘प्रभू’ आहे. ‘प्रभू आणि तारणारा’ ही एकच व्यक्ती, याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. मग दहा वचनं आधी त्याच साच्यात ‘देव’ बसला की एकाची दोन माणसं का व्हावीत?

प्रश्न धर्माचा होता, पण उत्तर मोजून काढायचं होतं. ग्रीक लिहिणाऱ्यांनी ही रचना कुठे कुठे वापरली आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ काय होतो? हे काम अंगावर घेतलं ख्रिस्टोफर वर्ड्‌स्वर्थ यांनी. कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे हे धाकटे भाऊ. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख झाले. 1802 साली, अठ्ठाविशीत, त्यांनी शार्प यांना उद्देशून सहा पत्रं छापली. त्यासाठी चर्चच्या प्राचीन आचार्यांचे ग्रीक ग्रंथ ते वाचत सुटले होते. ज्यांची मातृभाषाच ग्रीक, त्यांनी ही वचनं कशी समजून घेतली, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी जाहीर केलं, की ‘ख्रिस्त आणि देव’ ही जोडी एकाच उपपदासह हजाराहून जास्त वेळा पाहिली, ‘महान देव आणि तारणारा’ काहीशे वेळा, ‘देव आणि तारणारा’ तर कित्येक हजार वेळा. आणि अर्थ ठरवता येईल अशा एकाही जागी ती दोन व्यक्तींबद्दल आढळली नाही.

हे आकडे अंदाजाचे आहेत हे त्यांच्या गोलाईवरूनच दिसतं. तरी मला ते फार मोलाचे वाटतात, कारण अशी रचना शोधून देणारी कोणतीही सूची हाताशी नसताना एका माणसाने शतकानुशतकांच्या वाङ्मयातून एक शब्द नव्हे, शब्दांची एक ठेवण शोधली होती. वाचताना डोळा कशावर ठेवायचा, हे त्याने आधी ठरवलं होतं. आज आपण संगणकाला जे सांगतो तेच.

प्रतिपक्षही गप्प नव्हता. कॅल्विन विन्स्टन्ली यांनी 1805 साली उत्तर छापलं आणि नव्या कराराबाहेरच्या ग्रीकमधून अपवाद काढून दाखवले: एक उपपद, मध्ये ‘काइ’, आणि तरी उघडउघड दोन गोष्टी किंवा दोन माणसं. त्यांतले बरेच अनेकवचनी होते, काही विशेषनामं होती, काही सर्वसाधारण जातिवाचक एकवचनं. शार्प यांनी अटी घातल्या होत्या खऱ्या, पण त्या पुरेशा ठसठशीत मांडल्या नव्हत्या. म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक नियमाची शेपटी विसरून डोकं तेवढं लक्षात ठेवत गेले. 1808 साली थॉमस फॅनशॉ मिडल्टन यांनी ग्रीक उपपदावर एक भला मोठा ग्रंथ लिहून शार्प यांची बाजू शास्त्रशुद्ध करायचा प्रयत्न केला. हे मिडल्टन 1814 मध्ये कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. कंपनी सरकारचा सगळा मुलूख त्यांच्या धर्मप्रांतात येत असल्यामुळे मुंबईदेखील त्यांच्याच अखत्यारीत होती. ग्रीक उपपदावरचा तेव्हाचा सर्वांत मोठा अधिकारी हुगळीकाठी आठ वर्षं राहिला आणि तिथेच वारला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

मग जर्मनीत गेओर्ग विनर यांचं नव्या कराराचं व्याकरण निघालं. एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाचा दरारा इतका, की त्यातल्या मताविरुद्ध बोलायला लोक कचरत. तीताच्या वचनाबद्दल विनर यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: व्याकरणाने अर्थ तसा होतो हे नाकारत नाही, पण पौलाची एकंदर विचारसरणी पाहता तो ख्रिस्ताला ‘महान देव’ म्हणेल हे पटत नाही. म्हणजे व्याकरणकाराने व्याकरणाचा कौल व्याकरणाबाहेरच्या कारणासाठी बाजूला ठेवला. आणि शतकभर पुष्कळांनी तो बाजूलाच ठेवला. बायबलच्या 1881 च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीत मुख्य मजकुरात एक व्यक्ती छापली गेली आणि दोन व्यक्ती समासात. 1901 च्या अमेरिकन आवृत्तीत नेमकं उलट, दोन व्यक्ती मजकुरात, एक समासात. अटलांटिक ओलांडताना मजकूर आणि समास यांनी जागा बदलल्या. अमेरिकन बाजूला हार्वर्डचे एझ्रा ॲबट यांच्यासारखा काटेकोर, पण येशूला देव न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचा विद्वान होता. त्यांनी या एका वचनाच्या रचनेवर 1881 साली स्वतंत्र निबंधच लिहिला होता.

भाषांतरकाराला मात्र निबंध लिहून भागत नाही, काहीतरी एक छापावंच लागतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून मराठी बायबल सिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच दोन वचनं आली असणार. मराठीला उपपद नाही, त्यामुळे ग्रीकने एका अक्षरात सांगितलेली गोष्ट शब्दक्रमाने तरी सांगायची नाहीतर सोडून द्यायची.

वर्ड्‌स्वर्थ यांच्यानंतर दीडशे वर्षं शोधाच्या साधनात फरक पडला नाही. शब्दसूच्या होत्या, उत्तम होत्या. पण शब्दसूचीची अडचण अशी, की ‘तारणारा’ हा शब्द कुठे कुठे आला ते ती सांगते. ‘उपपद, नाम, काइ, बिनउपपदाचं नाम’ हा साचा कुठे आला ते सांगत नाही. शिवाय ज्या दोन शब्दांवर सगळी मदार, तेच सूचीकाराला नको असतात. नव्या करारात उपपद वीस हजारांच्या आसपास वेळा येतं आणि ‘काइ’ नऊ हजारांच्या आसपास. एवढ्या नोंदी छापणार कोण आणि चाळणार कोण?

‘काइ’ मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग झाला तो दुसऱ्याच कारणासाठी. स्कॉटलंडमधल्या कलरॉस गावचे धर्मोपदेशक ए. क्यू. मॉर्टन यांनी 1960 च्या दशकात संगणकाच्या मदतीने पौलाच्या पत्रांतली वाक्यांची लांबी आणि ‘काइ’सारख्या शब्दांची वारंवारता मोजली, आणि 1963 मध्ये वृत्तपत्रातून जाहीर केलं, की पौलाच्या नावावरच्या पत्रांपैकी मोजकीच खरी त्याची आहेत. खळबळ उडाली. जॉन एलिसन यांनी, ज्यांनी स्वतः 1957 मध्ये युनिव्हॅक यंत्रावर बायबलची शब्दसूची तयार केली होती, मॉर्टन यांचीच पद्धत जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ला लावली, तर त्या कादंबरीचे पाच वेगवेगळे लेखक निघाले. मॉर्टन यांच्या यंत्राने ‘काइ’ अचूक मोजले होते यात शंका नाही. पण तो ‘काइ’ काय जोडतो, दोन नामं की दोन वाक्यं, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

शब्दांच्या बाजूने मात्र लवकरच मोठी उडी घेतली गेली. ग्रीकचा सर्वसमावेशक कोश करायचं स्वप्न जुनं. आंरी एस्तिएन यांनी 1572 साली असा एक कोश छापला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या अकादमींपुढे नव्या कोशाचा प्रस्ताव आला तेव्हा हेर्मान डील्स यांनी तो मोडीत काढला: ग्रीक वाङ्मय लॅटिनच्या निदान दसपट आहे, एवढ्या चिठ्ठ्या लिहायच्या कुणी? एस्तिएनच्या कोशानंतर बरोबर चारशे वर्षांनी, 1972 साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाईन संकुलात हे काम सुरू झालं. तिथे शिकणाऱ्या मेरियन मॅक्डोनल्ड यांनी दहा लाख डॉलर दिले, थिओडोर ब्रूनर संचालक झाले, आणि एस्तिएनचंच लॅटिन नाव किंचित फिरवून प्रकल्पाला ‘थिसॉरस लिंग्वे ग्रेके’ म्हटलं गेलं. अभ्यासक त्याला टीएलजी म्हणतात. ठरलं असं, की चिठ्ठ्या लिहायच्याच नाहीत, ग्रंथच्या ग्रंथ यंत्रात भरायचे. मजकूर टंकित करायचं काम आधी कोरियात आणि मग फिलिपिन्समध्ये झालं, ग्रीक न जाणणाऱ्या माणसांकडून.

ग्रीक लिपी त्या काळच्या यंत्रांना येत नव्हती. त्यावर डेव्हिड डब्ल्यू. पॅकार्ड यांनी तोडगा काढला. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एकाचे हे चिरंजीव, पण शिक्षणाने ग्रीक-लॅटिनचे पंडित. लिव्हीच्या लॅटिन इतिहासाची संगणकी शब्दसूची त्यांनी 1968 मध्येच छापली होती. त्यांच्या ‘बीटा कोड’मध्ये सगळं ग्रीक साध्या रोमन मोठ्या अक्षरांत बसवलं होतं. अल्फाला ए, थीटाला क्यू, ओमेगाला डब्ल्यू. शब्दारंभीच्या श्वासचिन्हासाठी कंस, आघातासाठी तिरकी रेघ, आणि मोठं अक्षर हवं असेल तर आधी तारांकन. पडद्यावर होमरची ओळ पाहिली तर बिघडलेल्या तारेसारखी दिसे. पॅकार्ड यांनी मग ह्युलेट-पॅकार्डच्याच लघुसंगणकावर आधारलेली एक शोधयंत्रणा बांधली आणि तिला इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या इबिकस या कवीचं नाव दिलं. दरोडेखोरांनी ठार केलेल्या या कवीच्या खुनाला आकाशातले क्रौंच साक्षी होते आणि त्यांनीच पुढे खुन्यांना उघडं पाडलं, अशी त्याची दंतकथा. 1985 मध्ये टीएलजीची सीडी आली. संगीताखेरीज दुसरं काही साठवलेली ती पहिलीच सीडी असं प्रकल्पाकडून सांगितलं जातं. डील्स यांना अशक्य वाटलेलं वाङ्मय हाताच्या पंजाएवढ्या चकतीवर मावलं.

पण या चकतीत फक्त अक्षरं होती. तुम्ही अक्षरं द्यायची, तिने तीच अक्षरं शोधून आणायची. ग्रीकसारख्या भाषेत हे तोकडं पडतं. उपपदाचीच तीन लिंगं, दोन वचनं आणि चार विभक्त्या मिळून चोवीस घरं. क्रियापदाची रूपं तर शेकड्यांनी. ‘उपपद’ शोध म्हटलं तर यंत्र विचारणार, कोणती अक्षरं? शब्दावरून त्याचं मूळ आणि रूप ओळखणारा कार्यक्रम पॅकार्ड यांनीच लिहिला होता आणि 1973 च्या पिसामधल्या परिषदेत मांडला होता. पुढे ग्रेगरी क्रेन यांनी हार्वर्डमध्ये ‘मॉर्फियस’ नावाचा तसाच, अधिक व्यापक कार्यक्रम तयार केला. प्राचीन ग्रंथांच्या संगणकी संग्रहाच्या पर्सियस प्रकल्पाचा तो कणा झाला. हे कार्यक्रम एखादा शब्द घेऊन त्याची सगळी संभाव्य रूपं सांगतात. त्यांतलं या वाक्यात कोणतं लागू, हे ठरवणं उरतंच.

रचना शोधण्याचा रस्ता वेगळ्याच गटाने काढला, आणि तो विद्यापीठांतल्या ग्रीक विभागांचा नव्हता. अमेरिकेतल्या धर्मशिक्षणाच्या संस्थांमध्ये पॉल मिलर आणि जेम्स बॉयर यांनी 1970 च्या दशकात ‘ग्रॅमकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम उभा केला. त्यांनी अख्खं ग्रीक वाङ्मय घेतलं नाही. फक्त नवा करार घेतला, सुमारे 1 लाख 38 हजार शब्द. पण प्रत्येक शब्दाला व्याकरणाची चिठ्ठी लावली: हे नाम, षष्ठी, एकवचन, पुल्लिंग, हे क्रियापद, अमुक काळ, अमुक अर्थ, तृतीय पुरुष. आता अक्षरांऐवजी चिठ्ठ्या शोधता येऊ लागल्या. बार्बरा आणि टिमथी फ्रायबर्ग यांनीही मिनेसोटात असंच काम करून 1981 मध्ये सबंध चिठ्ठ्यांसह नवा करार छापला.

शार्प यांचा साचा या यंत्राला कसा सांगायचा? आधी उपपद. मग त्याच विभक्तीचं एकवचनी नाम. मग ‘काइ’. मग पुन्हा त्याच विभक्तीचं एकवचनी नाम, पण त्याच्या आणि ‘काइ’च्या मध्ये उपपद नको. एवढं सांगितलं तर पेत्राच्या पत्रातली दोन्ही वचनं सुटतात! कारण तिथे पहिलं नाम आणि ‘काइ’ यांच्यामध्ये ‘आमचा’ हा शब्द येऊन बसला आहे. म्हणून अंतर द्यावं लागतं: मध्ये एखाददुसरा शब्द चालेल. अंतर कमी ठेवलं तर खरी उदाहरणं निसटतात. वाढवलं तर भलतेच ‘काइ’ पकडले जातात, जे पुढचं वाक्य जोडत असतात. शिवाय ‘व्यक्तीबद्दलचं’ नाम की वस्तूबद्दलचं, ही चिठ्ठी यंत्रात नाहीच. ती चाळणी माणसाने लावायची. सुरुवातीच्या दिवसांत ही आज्ञा नीट रचण्यातच अभ्यासकाची दुपार जात असेल, आणि मला वाटतं तीच त्याची खरी व्याकरणाची शिकवणी होती. नियम आपल्याला नक्की किती कळला आहे, हे तो आज्ञेत मांडताना उघडं पडतं.

ग्रॅमकॉर्डने पहिला दणका दिला तो मात्र दुसऱ्या एका रचनेला. ग्रीकमध्ये ‘एइ’, म्हणजे ‘जर’, आणि त्यापुढे स्वार्थातलं, म्हणजे साधं विधान करणारं, क्रियापद, अशी संकेतार्थी वाक्याची एक तऱ्हा आहे. पाठ्यपुस्तकांत तिला पहिला प्रकार म्हणतात. व्यासपीठांवरून वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, की या प्रकारात बोलणाऱ्याला अट खरीच वाटत असते. म्हणून इथे ‘जर’ न वाचता ‘ज्या अर्थी’ वाचा. ग्रीक थोडंफार शिकलेल्या उपदेशकाला हा मोठा हुकमी एक्का होता. बॉयर यांनी 1981 मध्ये नव्या करारातली अशी सगळी वाक्यं काढली. ‘एइ’ पाचशेच्या आसपास वेळा येतो, पण कुठे त्याचा अर्थ ‘की नाही’ असतो, कुठे ‘शिवाय’ अशा जोडशब्दात तो अडकलेला असतो. ते सगळं वगळून सुमारे तीनशे उदाहरणं उरली. प्रत्येक वाक्य संदर्भासह वाचून त्यांनी विचारलं, अट खरी आहे का? 37 टक्के ठिकाणी उघडच खरी. 12 टक्के ठिकाणी उघडच खोटी. आणि 51 टक्के ठिकाणी सांगता येत नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण मत्तयच्या बाराव्या अध्यायात लागोपाठच्या दोन वचनांत आहे. येशू भुतं काढतो ती बालजबूलाच्या, भुतांच्या सरदाराच्या, जोरावर, असा आरोप झाला आहे. उत्तरात येशू आधी तोच आरोप ‘जर’ लावून तसाच मांडतो आणि विरोधकांना पेचात टाकतो. मग लगेच दुसरा ‘जर’, देवाच्या आत्म्याने काढत असेन तर. दोन्ही वाक्यांची व्याकरणातली तऱ्हा एकच. पहिल्यात ‘ज्या अर्थी’ वाचलं तर येशूने आरोप कबूल केला असं होतं. जाणत्या व्याकरणकारांनी हे पूर्वीही बजावलं होतं, पण बजावण्याने उपदेशक ऐकत नसत. यादी आली आणि ‘बहुधा’, ‘सहसा’ या शब्दांचा आडोसा गेला. बॉयर यांनी पुढची सहा-सात वर्षं हाच धडाका चालू ठेवला: दुसऱ्या, तिसऱ्या प्रकारची संकेतार्थी वाक्यं, कृदन्तं, आज्ञार्थ, एकामागून एक. डी. ए. कार्सन यांनी 1984 मध्ये बायबलच्या अर्थ लावण्यातल्या चुकांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा ‘ज्या अर्थी’ व्याकरणाच्या चुकांमध्ये जाऊन बसला.

चिठ्ठ्यांचा भरवसा किती, हा प्रश्न तेव्हाही होता. योहानाच्या चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ‘पिस्तेवेते’ हे क्रियापद दोनदा येतं. त्याचं स्वार्थाचं आणि आज्ञार्थाचं रूप अक्षरशः एकच: ‘तुम्ही विश्वास ठेवता’ आणि ‘विश्वास ठेवा’. चिठ्ठी लावणाऱ्याने आज्ञार्थ लिहिलं तर नव्या करारातल्या आज्ञार्थांची यादी मागणाऱ्याला ही दोन्ही मिळतात. स्वार्थ लिहिलं तर मिळत नाहीत, आणि आपल्याला काही मिळालं नाही हेही कळत नाही. फ्रायबर्ग दांपत्याने एकाहून अधिक शक्यता नोंदवायची सोय ठेवली होती, ती या कारणासाठी फार शहाणपणाची होती. बाकीच्यांनी एकच निवडली. यंत्राच्या यादीमागे कुणीतरी आधीच वाचून बसलेला असतो, आणि त्याचं नाव यादीवर छापलेलं नसतं.

आता शार्प यांच्याकडे. टेक्ससमधल्या डॅलसचे डॅनियल वॉलेस यांनी हा जुना खटला पुन्हा उघडला. त्यांचा 1995 चा प्रबंध ‘काइ’ने जोडलेल्या आणि एकच उपपद असलेल्या नामांवर आहे. हाताशी ग्रॅमकॉर्ड, टीएलजी आणि पपायरसांचे संग्रह. नव्या करारात शार्प यांच्या सगळ्या अटींत बसणाऱ्या रचना त्यांनी मोजल्या त्या 80. वादग्रस्त वचनं सोडली तर बाकी सर्व ठिकाणी दोन्ही नामं एकाच व्यक्तीची, याबद्दल मतभेद नाही. विन्स्टन्ली यांचे अपवादही त्यांनी एकेक करून तपासले आणि शार्प यांची अट कुठे मोडते ते दाखवलं. अनेकवचनांचा निकाल वेगळा लागला: तिथे एका उपपदाखाली दोन गट सुखाने नांदतात, कधी एकमेकांत मिसळून, कधी अलग. म्हणजे नियमाची शेपटी विसरणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकत होते.

टीएलजीवरचं काम जास्त किचकट होतं, कारण तिथे तेव्हा व्याकरणाच्या चिठ्ठ्या नव्हत्या. शब्दांची रूपं देऊन ढीग मागवायचा आणि तो वाचत बसायचं. वर्ड्‌स्वर्थ यांनी पानं उलटून केलेलं वाचन वॉलेस यांनी पडद्यावर केलं. फरक एवढाच, की वर्ड्‌स्वर्थ यांच्या ‘कित्येक हजारां’ची पडताळणी कुणालाच करता येत नव्हती, आणि आताची यादी दुसरा माणूस त्याच आज्ञेने पुन्हा काढू शकतो.

चिठ्ठ्यांनंतर वाक्यवृक्ष आले. पर्सियस प्रकल्पाने, आणि 2008 पासून ओस्लोमध्ये डाग हाऊग यांच्या प्रोइएल प्रकल्पाने, ग्रीक वाक्यांतला प्रत्येक शब्द कोणत्या शब्दावर अवलंबून आहे हे हाताने नोंदवायला घेतलं. प्रोइएलमध्ये नव्या कराराचं ग्रीक आणि त्याची लॅटिन, गॉथिक, आर्मेनियन, जुनी स्लाव्ह भाषांतरं शेजारीशेजारी आहेत. इथे ‘मध्ये किती शब्द चालतील’ हा जुना त्रास संपतो. ‘काइ’खाली दोन नामं लटकलेली आहेत का, एवढंच विचारायचं. मॉर्टन यांच्या यंत्राला जे ठाऊक नव्हतं, ते इथे प्रत्येक ‘काइ’शेजारी लिहिलेलं आहे. दुसरीकडे टीएलजी आज 11 कोटींहून अधिक शब्दांवर पोचलं आहे.

आणि तीताचं वचन? तिथला वाद मिटलेला नाही, पण त्याची जागा सरकली आहे. यादीवर आता फारसं कुणी भांडत नाही. भांडण आहे ते शार्प यांच्या एका अटीवर: नामं विशेषनामं नसावीत. मग ‘थेऑस’, देव, हे विशेषनाम आहे की नाही? वॉलेस यांनी कसोटी लावली, की ज्याचं अनेकवचन होतं ते विशेषनाम नव्हे. आणि ‘थेऑस’चं अनेकवचन नव्या करारातच सापडतं, योहानाच्या दहाव्या अध्यायात, शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र गावचे लोक पौल आणि बर्णबा यांना पाहून देवच उतरले असं ओरडतात तिथेही. विरोधक म्हणतात, लुस्त्रच्या मूर्तिपूजकांच्या तोंडचा शब्द आणि पौलासारख्या ज्यू माणसाच्या लेखणीतला शब्द एक नव्हे. पौल ‘देव’ लिहितो तेव्हा ते नावासारखंच लिहितो. ‘हा शब्द या लेखकाला नावासारखा वाटत होता’ अशी चिठ्ठी ना ग्रॅमकॉर्डमध्ये आहे ना ओस्लोच्या वृक्षांत, आणि ती लावायची तर पौलाची सगळी पत्रं उघडून एकेका ‘थेऑस’पाशी थांबावं लागेल. पाचशेहून जास्त आहेत.